शंकूच्या सूत्रातला एक तृतीयांश येतो कुठून?

समांतर (धागाकर्ती):
माझी मुलगी नववीत आहे. घनफळाची सूत्रं तिला पाठ आहेत, गणितंही सुटतात. पण तिचा एक प्रश्न माझ्याच्याने सुटत नाही. वृत्तचितीचं घनफळ म्हणजे तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, हे तिला पटतं. मग तेवढ्याच तळाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या शंकूचं घनफळ त्याच्या एक तृतीयांश का? निम्मं का नाही? वर्गात शंकूने पाणी ओतून वृत्तचिती तीनदा भरून दाखवली होती. त्यामुळे तीन हा आकडा खरा आहे एवढं कळलं, पण तीनच का ते कळलं नाही.
इंटिग्रेशन न वापरता, नववी-दहावीच्या मुलांना पटेल असं कुणी सांगू शकेल का? गोलाच्या सूत्रातल्या चार तृतीयांशाबद्दलही लिहिलंत तर फार बरं होईल.

वर्गमूळ:
शंकूकडे जाण्याआधी चितीपाशी थोडं थांबू या. ‘लांबी × रुंदी × उंची’ एवढंच पाठ झालेलं असलं की पुढचं सगळंच सूत्रांची यादी होऊन बसतं.
घनफळ म्हणजे थर मोजणं. तळाचं क्षेत्रफळ २० चौसेंमी असेल, तर त्यावरच्या १ सेंमी जाडीच्या थरात २० घसेंमी जागा असते. उंची ७ सेंमी असेल तर असे ७ थर, म्हणून १४० घसेंमी. तळ चौकोनी आहे, त्रिकोणी आहे, वर्तुळाकार आहे की कसाही वेडावाकडा आहे, याने काही फरक पडत नाही. तळापासून वरपर्यंत प्रत्येक थर तेवढाच राहिला पाहिजे, एवढीच अट. म्हणजे घन, इष्टिकाचिती, वृत्तचिती यांची तीन सूत्रं नाहीतच, एकच आहे.
आता कोऱ्या कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवा आणि तळहाताने वरून हळूच एका बाजूला सरकवा. गठ्ठा तिरका होतो, कागद मात्र तेवढेच राहतात. म्हणजे थर बाजूला सरकले तरी घनफळ बदलत नाही, आणि उंची मोजायची ती लंब उंची, तिरकी कड नव्हे. हा मुद्दा मुलीला पक्का करायला सांगा. शंकूसाठी तोच लागणार आहे.

निळी शाई:
‘निम्मं का नाही’ हा प्रश्न तिने विचारला याचंच मला अप्रूप वाटतं. समोरून पाहिलं तर वृत्तचिती आयतासारखी दिसते आणि शंकू त्रिकोणासारखा. त्रिकोण आयताच्या निम्मा असतो, तेव्हा शंकूही निम्मा असावा असं वाटणं अगदी साहजिक आहे.
पण शंकू बरोबर मध्यावर कापा. तिथे त्रिज्या निम्मी झालेली असते, वर्तुळाचं क्षेत्रफळ मात्र पाव झालेलं असतं. त्रिकोण एकाच दिशेने निमुळता होतो, शंकू एकाच वेळी दोन दिशांनी. म्हणून तो निम्म्यापेक्षा कमीच भरणार.
किती कमी, ते मुलीला स्वतःला काढता येईल. शंकूचे सारख्या जाडीचे १० थर करा. टोकाकडून मोजत प्रत्येक थराच्या त्रिज्या १, २, ३ … १० अशा धरा. थरांची क्षेत्रफळं वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे १, ४, ९ … १००. बेरीज ३८५. वृत्तचितीत मात्र दहाही थर १०० चे, म्हणजे एकूण १०००. प्रत्येक थराची त्रिज्या आपण त्याच्या रुंद बाजूची घेतली, म्हणून ३८५ हे खऱ्यापेक्षा जास्त आहे. अरुंद बाजूची घेतली तर त्रिज्या ० ते ९ होतात आणि बेरीज येते २८५, ती खऱ्यापेक्षा कमी. खरं उत्तर या दोघांच्या मध्ये आहे.
आता १०० थर करा. दहा लाखांपैकी ३,३८,३५० आणि ३,२८,३५०. हजार थर केले तर दोन्ही आकडे ०.३३३ च्या आणखी जवळ सरकतात. निम्मं तर पहिल्या पायरीलाच बाद होतं.

समांतर:
हे फारच आवडलं! बेरीज तर पाचवीतलं मूलही करेल. पण एक विचारते. आकडे ०.३३३ कडे जाताना दिसतात, तरी तो नेमका एक तृतीयांशच आहे, ०.३३४ नाही, हे कशावरून?

छेदनबिंदू:
१ पासून कितीही संख्यांपर्यंतच्या वर्गांची बेरीज काढायचं सूत्र आहे: शेवटची संख्या, तिच्यात एक मिळवून येणारी संख्या आणि या दोघींची बेरीज, या तिघींचा गुणाकार भागिले ६. दहासाठी १० × ११ × २१ ÷ ६ = ३८५. थर खूप वाढवले की हा गुणाकार शेवटच्या संख्येच्या घनाच्या दुपटीच्या जवळ जातो, आणि वृत्तचितीची बेरीज म्हणजे तोच घन. दोन भागिले सहा म्हणजे एक तृतीयांश. नेमका.
आता यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट सांगतो. वर्गांच्या बेरजेचं हे सूत्र इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात, गणितपाद या प्रकरणात आहे. आणि त्याच गणितपादात सहा कडांच्या त्रिकोणी पिरॅमिडचं घनफळ तळ गुणिले उंचीच्या निम्मं सांगितलं आहे! म्हणजे तुमच्या मुलीच्या मनात आलेलं ‘निम्मं’ एका थोर गणितज्ञाच्या ग्रंथातही आहे, आणि ते दुरुस्त करायची किल्लीही तिथेच थोड्या श्लोकांच्या अंतरावर आहे. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने सूचीसाठी, म्हणजे टोकदार आकारासाठी, तीनने भागायला स्पष्ट सांगितलं. ११५० च्या लीलावतीतही भास्कराचार्यांनी तोच नियम दिला आहे.
ग्रीकांकडे हे आधी झालं होतं. शंकू वृत्तचितीच्या एक तृतीयांश असतो हे डेमॉक्रिटसने सिद्धतेशिवाय सांगितलं आणि युडॉक्ससने सिद्ध केलं, अशी नोंद स्वतः आर्किमिडीजने करून ठेवली आहे.

पाटीपेन्सिल:
मी गणित शिकवते. बेरजेचा मार्ग सुंदर आहे, पण आधी हाताने करायची एक गोष्ट सुचवते. वर्गात याने फार फरक पडतो.
एक घन डोळ्यांसमोर आणा. त्याचा एक कोपरा निवडा. त्या कोपऱ्याला तीन पृष्ठं चिकटलेली असतात आणि तीन नसतात. न चिकटलेल्या प्रत्येक पृष्ठाचे चारही कोपरे आपल्या निवडलेल्या कोपऱ्याशी जोडा. तीन पिरॅमिड तयार होतात. तिन्ही अगदी सारखे, तिन्हींचा तळ घनाच्या पृष्ठाएवढा आणि उंची घनाच्या कडेएवढी. आणि तिन्ही मिळून पूर्ण घन, फट नाही की उरलंसुरलं नाही. म्हणजे प्रत्येक पिरॅमिड घनाच्या बरोबर एक तृतीयांश.
जाड कागदातून करायचं असेल तर मापं देते. ६ सेंमी बाजूचा एक चौरस. त्याच्या लगतच्या दोन बाजूंवर प्रत्येकी एक काटकोन त्रिकोण, काटकोन करणाऱ्या दोन्ही बाजू ६ सेंमीच्या, आणि दोन्ही त्रिकोणांचे काटकोन चौरसाच्या एकाच कोपऱ्याशी आले पाहिजेत. उरलेल्या दोन बाजूंवरही एकेक काटकोन त्रिकोण, पण त्यांच्या काटकोनालगतच्या बाजू ६ आणि ८.५ सेंमीच्या, कर्ण साधारण १०.४ सेंमी. चिकटवायला कडेला पट्ट्या सोडा. असे तीन करा आणि एकमेकांत बसवून घन बनवा.
हे तीन तुकडे हातात फिरवून जुळवायला मुलांना बराच वेळ लागतो. तो लागू द्यावा, मध्ये बोलू नये. घन बंद होतो तेव्हा ‘तीनच का’ हा प्रश्न त्यांच्यापुरता मिटलेला असतो.

अधांतर:
पण हे चौरस तळाच्या आणि टोक एका कोपऱ्यावर असलेल्या पिरॅमिडचं झालं. शंकूचा तळ वर्तुळ, टोक मध्यावर आणि उंची कितीही. तो घनातून कापून निघत नाही. मग एक तृतीयांश तिथे कसा लागू होतो? घाईने उडी मारल्यासारखं वाटतं.

वर्गमूळ:
योग्य शंका आहे. इथेच तो सरकवलेला गठ्ठा कामाला येतो.
पाटीपेन्सिल यांच्या पिरॅमिडचा तळ ३६ चौसेंमी, उंची ६ सेंमी. त्याच्या शेजारी ३६ चौसेंमी तळाचा आणि ६ सेंमी उंचीचा शंकू ठेवा. टोकापासून निम्म्या अंतरावर दोन्ही आडवे कापा. दोन्हीकडे तळाच्या पाव, म्हणजे ९ चौसेंमी. एक तृतीयांश अंतरावर कापा, दोन्हीकडे एक नवमांश, म्हणजे ४ चौसेंमी. कुठेही कापलं तरी दोन्ही छेदांची क्षेत्रफळं सारखीच येतात. आकार निराळे, थर समसमान. थर समसमान असले की घनफळं समान, म्हणून शंकूही ७२ घसेंमीचाच. टोक कुठे आहे याचा संबंध नाही, कारण थर सरकवता येतात. उंची दुप्पट केली तर प्रत्येक थराची जाडी दुप्पट होते आणि घनफळही दुप्पट, तेव्हा उंचीचाही प्रश्न उरत नाही.
समान उंचीवर समान छेद असतील तर घनफळं समान, हे तत्त्व युरोपात बोनाव्हेंतुरा काव्हालिएरीच्या नावाने ओळखलं जातं. त्याचा ग्रंथ १६३५ चा. चीनमध्ये त्सू गंगने त्या ग्रंथाच्या साधारण हजार वर्षं आधीच हे तत्त्व शब्दांत मांडून त्यावरून गोलाचं घनफळ काढलं होतं.

अधांतर:
आता पटलं. तरी एक राहतंच. त्रिकोणाचं क्षेत्रफळ आपण कात्रीने दाखवतो. त्रिकोण कापायचा, तुकडे फिरवायचे, आयत तयार. कुठल्याही पिरॅमिडचे तसेच तुकडे करून चिती का बनवून दाखवत नाहीत? असले अतिशय पातळ थर घ्यायची गरजच पडली नसती.

छेदनबिंदू:
कारण ते सर्वसाधारणपणे शक्यच नाही, आणि हे सिद्ध झालं आहे. १९०० साली जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्टने नव्या शतकासाठी जे प्रश्न मांडले, त्यातला तिसरा हाच होता: समान तळ आणि समान उंचीचे दोन त्रिकोणी पिरॅमिड घेतले, तर एकाचे मोजके तुकडे करून त्यातून दुसरा नेहमी जुळवता येईल का? त्याचाच विद्यार्थी माक्स डेन याने लगेच उत्तर दिलं, नाही. घनातले ते तीन पिरॅमिड जुळतात तो खास प्रसंग आहे. सर्व पिरॅमिडांसाठी कात्री पुरत नाही, कुठे ना कुठे अगणित पातळ थरांचा विचार करावाच लागतो.
क्षेत्रफळाकडून घनफळाकडे जाताना मुलांना अचानक काहीतरी अवघड झाल्यासारखं वाटतं ना, ते त्यांचं अज्ञान नव्हे. तिथे खरोखरच एक पायरी उंच आहे.

निळी शाई:
गोलाचं कुणी घेतलं नाही, मी घेते.
अर्धगोल पालथा ठेवा. शेजारी तेवढ्याच त्रिज्येची आणि त्रिज्येएवढ्याच उंचीची वृत्तचिती ठेवा, आणि तिच्यातून टोक खाली, तोंड वर असा एक शंकू कोरून काढा. शंकूची त्रिज्या आणि उंचीही तेवढीच. आता दोन्ही एकाच उंचीवर कापायचे.
त्रिज्या ५ सेंमी धरा आणि ३ सेंमी उंचीवर कापा. अर्धगोलाच्या छेदाच्या त्रिज्येचा वर्ग पायथागोरसवरून २५ − ९ = १६. वृत्तचितीत बाहेरच्या वर्तुळाच्या त्रिज्येचा वर्ग २५, कोरलेल्या भोकाची त्रिज्या त्या उंचीवर ३, तिचा वर्ग ९. उरलेल्या कड्याचं क्षेत्रफळ १६ च्याच प्रमाणात. कुठल्याही उंचीवर हेच होतं. मग अर्धगोल म्हणजे वृत्तचिती वजा शंकू, म्हणजे एक वजा एक तृतीयांश, म्हणजे त्या वृत्तचितीच्या दोन तृतीयांश. दोन अर्धगोल मिळून चार तृतीयांश. धागाकर्तीताई, तुमचा चार तृतीयांश तो हा.
म्हणून गोल, त्याला सर्व बाजूंनी टेकणारी वृत्तचिती आणि तिच्यात बरोबर मावणारा शंकू यांची घनफळं २ : ३ : १ या प्रमाणात येतात. आर्किमिडीजला स्वतःच्या सगळ्या कामात गोल आणि वृत्तचितीचं हे नातं इतकं मोलाचं वाटलं की आपल्या थडग्यावर त्याने तीच आकृती मागितली होती. इ.स.पू. २१२ मध्ये तो मारला गेला. इ.स.पू. ७५ मध्ये रोमन वक्ता सिसेरो सिसिलीत अधिकारी होता, तेव्हा झुडपांत हरवलेलं ते थडगं त्याने स्तंभावरच्या गोल आणि वृत्तचितीवरूनच ओळखलं.

सरळरेघ:
चर्चा उत्तम चालली आहे, पण परीक्षेच्या बाजूनेही कुणीतरी बोलावं. पेपरला वेळ ठराविक असतो, तिथे कुणी थर मोजत बसत नाही. सूत्रं पाठच हवीत, आणि माझ्या मते गुण जातात ते सूत्रांमुळे नाहीत, एककांमुळे.

पाटीपेन्सिल:
पाठ असू द्या, त्याला विरोध नाही. ऐन वेळी विसरलं तर पुन्हा उभं करता आलं पाहिजे, इतकंच माझं म्हणणं. एककांबद्दल मात्र पूर्ण सहमत. १ मीटर म्हणजे १०० सेंमी, म्हणून १ घनमीटर म्हणजे १०० घसेंमी असं लिहिणारी मुलं दर वर्षी असतात. ते १० लाख घसेंमी होतात, १०० तिन्ही दिशांना. लिटर म्हणजे १००० घसेंमी, तेव्हा १ घनमीटरमध्ये १००० लिटर. गणित सुरू करण्यापूर्वी सगळी मापं एकाच एककात लिहून घ्यायची सवय लावा, निम्मे घोळ तिथेच संपतात. व्यास दिलेला असताना तो त्रिज्या म्हणून घेणं, शंकूची तिरकस उंची घनफळात घालणं, हेही नेहमीचंच. तिरकस उंची फक्त वक्रपृष्ठफळासाठी.
आणि वितळवून नवीन आकार करायची गणितं. ६ सेंमी त्रिज्येचा धातूचा गोल वितळवून १ सेंमी त्रिज्येच्या गोळ्या केल्या, तर किती होतील? पटकन ६ किंवा ३६ म्हणून मोकळे होतात. उत्तर २१६. सूत्र मांडायचीही गरज नाही, सहाचा घन. मी लगेच पुढचा प्रश्न विचारते: सगळ्या गोळ्यांचं मिळून पृष्ठफळ किती पट झालं? घनफळ तेवढंच राहिलं म्हणून पृष्ठफळही तेवढंच, असं बहुतेकांना वाटतं. ते सहापट होतं.
आणखी एक. टोक खाली असलेल्या शंकूच्या भांड्यात निम्म्या उंचीपर्यंत पाणी आहे, तर भांडं किती भरलं? एक अष्टमांश. भांडं निम्मं भरायला पाणी उंचीच्या जवळजवळ ७९ टक्क्यांपर्यंत यावं लागतं. हे मुलांना आधी अंदाजाने सांगायला लावावं, मग काढायला.

वर्गमूळ:
शंकूछेद राहिला. त्याचं सूत्र मुलांना सगळ्यात लांबलचक वाटतं. पण ते मोठा शंकू वजा वरून कापलेला छोटा शंकू, याहून निराळं काही नाही. मॉस्को पपायरस नावाच्या, सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन लेखात चौरस तळाच्या अशाच कापलेल्या पिरॅमिडचं उदाहरण आहे: खालची बाजू ४, वरची २, उंची ६. खालचा वर्ग १६, दोन्ही बाजूंचा गुणाकार ८, वरचा वर्ग ४, बेरीज २८, गुणिले उंचीचा एक तृतीयांश म्हणजे २. उत्तर ५६. आजच्या दहावीच्या सूत्राची रीत तीच.
याच उदाहरणातून तपासणीची एक युक्ती देतो. खालच्या आणि वरच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली तर १० × ६ = ६०, जास्त. मधल्या छेदाची बाजू ३, क्षेत्रफळ ९, ९ × ६ = ५४, कमी. आता खालचं क्षेत्रफळ, वरचं क्षेत्रफळ आणि मधल्याची चौपट यांची बेरीज करून ६ ने भागा आणि उंचीने गुणा: १६ + ४ + ३६ = ५६, भागिले ६, गुणिले ६. नेमकं ५६.
हाच नियम शंकूला लावा. टोकाशी शून्य, मध्ये तळाच्या पाव, त्याची चौपट म्हणजे एक तळ, आणि खाली एक तळ. दोन भागिले सहा, एक तृतीयांश. गोलाला लावा: वर शून्य, खाली शून्य, मध्ये मोठ्या वर्तुळाची चौपट, उंची म्हणजे व्यास, चार तृतीयांश आपोआप बाहेर येतो. शाळेतल्या या सगळ्या आकारांना हा एकच नियम चालतो. १६१५ मध्ये योहानेस केपलरने पिंपांच्या घनफळावर पुस्तक काढलं होतं, आणि जर्मन भाषेत हा नियम आजही केपलरच्या नावाने ओळखला जातो. पेपरात रीत मात्र पुस्तकातलीच लिहायची, हा ताळ्यासाठी.

समांतर:
सगळ्यांचे मनापासून आभार. छापून तिला देणार आहे. बेरजा तिने आधीच वहीत उतरवून घेतल्या आहेत.

बिंदुगुणिले:
मी अकरावीत आहे, हा धागा पूर्ण वाचला. एक शंका. दोन मितींत त्रिकोण निम्मा, तीन मितींत पिरॅमिड एक तृतीयांश. मग चार मिती असत्या तर टोकदार आकार एक चतुर्थांश झाला असता का?

निळी शाई:
हो, बरोबर एक चतुर्थांश. आणि ते तुलाही तपासता येईल. चार मितींत थर वर्गांच्या नव्हे, घनांच्या प्रमाणात लहान होत जातात. १ ते १० च्या घनांची बेरीज ३०२५, ० ते ९ च्या घनांची २०२५, आणि पूर्ण आकार १०,०००. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये. १०० थरांसाठी दहा कोटींपैकी २,५५,०२,५०० आणि २,४५,०२,५००. तीन मितींत घनातून तीन पिरॅमिड निघाले, तसे चार मितींतल्या घनातून एका कोपऱ्याकडे चार निघतात, कारण त्या कोपऱ्याला न चिकटलेल्या बाजू चार असतात. पाच मितींचं तू इथेच लिही, मी वाट पाहते.